पुरस्कारांचा हंगाम आणि नागपूरचे मत

मराठी मुलखात पुस्तकांच्या आणि चित्रपटांच्या पुरस्कारांचा हंगाम डिसेंबरात सुरू होतो आणि उन्हे तापू लागेपर्यंत चालतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात बहुधा साहित्य अकादमीची यादी येते. १४ जानेवारीला विदर्भ साहित्य संघाचा वर्धापनदिन असतो आणि त्याच सुमारास संघाचे वाङ्मयीन पुरस्कार दिले जातात. जानेवारीतच ऑस्करची नामांकने जाहीर होतात. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. जनस्थान पुरस्कार आणि मराठी भाषा गौरव दिनाचे समारंभ त्या दिवसाभोवती असतात. या तीन महिन्यांत एरवी वर्षभर कादंबरीचे नाव न काढणारा माणूसही विचारतो, कोणाला मिळाला, आणि ज्याला मिळाला त्याचे काही वाचले आहे का?

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांनी मात्र हे वेळापत्रक कधी पाळले नाही. २०२३ साली सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटांचे पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाले. तोवर ‘नाळ २’ आणि ‘आत्मपॅम्फ्लेट’ चित्रपटगृहांतून उतरून बराच काळ झाला होता. साहित्य अकादमीचा हिशेब तर याहून लांबचा आहे. २०२३च्या पुरस्कारासाठी २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत प्रथम प्रसिद्ध झालेली पुस्तके विचारात घेतली गेली. म्हणजे पुरस्कार मिळताना पुस्तक किमान दोन वर्षांचे असते आणि कधी कधी सहा-सात वर्षांचेही. ‘यंदाची पुरस्कारप्राप्त कादंबरी’ असे जिला म्हणतात ती यंदाची नसतेच. जाणत्या वाचकांनी तिच्यावर आधीच भांडून घेतलेले असते. नवा वाचक तिला नवी समजून हातात घेतो. दोघांची मते एकाच आठवड्यात ऐकू येतात आणि एकमेकांशी जुळत नाहीत, याचे अर्धे कारण या कालगणनेत आहे.

निवड कशी होते, तेही पाहण्यासारखे आहे. साहित्य अकादमी २४ भाषांत पुरस्कार देते. प्रत्येक भाषेसाठी अंतिम फेरीत तीन परीक्षक असतात. त्यांच्या एकमताने किंवा बहुमताने पुस्तक ठरते आणि कार्यकारी मंडळ त्यावर शिक्कामोर्तब करते. पुरस्कार म्हणजे एक लाख रुपये आणि ताम्रपट. कविता, कथा, कादंबरी, समीक्षा, आत्मकथन हे सगळे एकाच रांगेत उभे असतात, त्यामुळे एखाद्या वर्षी कादंबरीची तुलना कादंबरीशी होतच नाही. २०२२ साली प्रवीण बांदेकरांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ आणि २०२३ साली कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ या लागोपाठ दोन कादंबऱ्यांना मान मिळाला. २०२४ साली तो सुधीर रसाळांच्या ‘विंदांचे गद्यरूप’ या समीक्षाग्रंथाकडे गेला. त्या वर्षी चांगली कादंबरी नव्हती, असा अर्थ त्यातून काढणे चूक ठरेल. ऑस्करची तऱ्हा आणखी वेगळी. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागासाठी भारतातून एकच चित्रपट जातो आणि तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने नेमलेली समिती निवडते. मराठीच्या वाट्याला हा मान तीनदा आला: ‘श्वास’ २००४ साली, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ २००९ साली आणि ‘कोर्ट’ २०१५ साली. तिघांपैकी एकालाही नामांकन मिळाले नाही. ‘श्वास’च्या वेळी अमेरिकेतल्या प्रचारासाठी महाराष्ट्रात लोकवर्गणी गोळा झाली. एका चित्रपटाच्या कौतुकात सामान्य माणसाने खिशात हात घातल्याचे असे उदाहरण पुन्हा दिसले नाही.

थोडक्यात, पुरस्कार हेही मूठभर जाणकारांचे मतच असते. त्यामागे नियम आहेत, बैठका आहेत, कालमर्यादा आहे. पण पुस्तक वाचलेल्या चौथ्या माणसाच्या मताहून ते जातीने वेगळे नाही. हे ध्यानात ठेवले की या हंगामातली बरीच चिडचिड आणि बराच जयजयकार दोन्ही कमी होतात.

नागपुरात असे मत देण्याची परंपरा जुनी आहे. महाल हा शहराचा जुना गाभा. भोसल्यांच्या राजवाड्यांमुळे त्याला हे नाव मिळाले. गांधी गेट, बडकस चौक, चिटणीस पार्क यांच्या आसपासच्या वाड्यांतून वकील, शिक्षक, कारकून, दुकानदार अशी मराठी वाचणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. आता बऱ्याच वाड्यांच्या जागी फ्लॅट स्कीम उभ्या आहेत. नरसिंग टॉकीजचे नाव महालातला पत्ता सांगताना खूण म्हणून येते. साहित्याचे मोठे कार्यक्रम मात्र बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला. विदर्भ साहित्य संघ १९२३ साली अमरावतीत स्थापन झाला, पुढे नागपूरला आला आणि झाशी राणी चौकात स्थिरावला. महालातून तिथे जायला फार वेळ लागत नाही. तेवढ्या वाटेत नव्या पुस्तकाविषयी दोन-तीन परस्परविरोधी मते सहज ऐकायला मिळावीत, असे हे शहर होते.

मते छापून येण्याची सोयही होती. ग. त्र्यं. माडखोलकर हे कादंबरीकार आणि समीक्षक १९४४ पासून १९६७ पर्यंत नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक होते. राजकारणावर अग्रलेख लिहिणारा संपादक स्वतः कादंबऱ्या लिहितो आणि दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांवर ठासून बोलतो, हा योग वाचकांना लाभला. कुसुमावती देशपांडे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात इंग्रजी शिकवत. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा आढावा घेणारा ग्रंथ त्यांनी लिहिला. १९६१ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर आलेली ती पहिली स्त्री. माडखोलकरांचे मत ठाम आणि भडक, कुसुमावतींचे संयत आणि पुराव्यानिशी. आजच्या वाचकाला दुसरी रीत अधिक उपयोगी पडते, कारण पुस्तक न आवडण्याचे कारण ती पुस्तकाच्या आतूनच शोधते.

पुरस्काराभोवतीची मंडळी कशी बोलतात यावर एक नाटकही नागपूरच्याच लेखकाने लिहिले. महेश एलकुंचवारांच्या ‘पार्टी’वरून गोविंद निहलानींनी १९८४ साली त्याच नावाचा हिंदी चित्रपट केला. एका नामवंत नाटककाराला मोठा पुरस्कार मिळाला म्हणून दमयंती राणे यांच्या घरी मेजवानी ठेवलेली असते. पाहुणे जमतात, पेले भरले जातात, आणि चर्चा रंगते ती लेखकाच्या बांधिलकीची आणि तिथे हजर नसलेल्या अमृत या कवीची. ज्या लेखनासाठी ही पार्टी, ते लेखन हळूहळू मागे पडते. पुरस्कारांच्या हंगामाचे याहून नेमके चित्र भारतीय सिनेमात दुसरे नाही. गंमत अशी, की या चित्रपटालाही पुरस्कार चुकला नाही: रोहिणी हट्टंगडींना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एलकुंचवारांनाही २००२ साली ‘युगान्त’साठी साहित्य अकादमीने गौरवले.

नागपूरकरांच्या दृष्टीने अलीकडचा सर्वांत बोलका हंगाम २०२१ सालचा. त्या जानेवारीत विदर्भ साहित्य संघाने कवी यशवंत मनोहर यांना जीवनव्रती पुरस्कार जाहीर केला. मंचावर सरस्वतीची प्रतिमा असणार हे कळल्यावर मनोहरांनी तो नाकारला. इहवादी लेखक म्हणून आपल्या मूल्यांशी हे जुळत नाही, अशी त्यांची भूमिका होती. संघाने आपली प्रथा सोडली नाही, कवीने आपली भूमिका सोडली नाही. दोन महिन्यांनी, १२ मार्च २०२१ रोजी, साहित्य अकादमीचे २०२०चे पुरस्कार जाहीर झाले. मराठीसाठी नंदा खरे यांच्या ‘उद्या’ या कादंबरीची निवड झाली होती. खऱ्यांनीही तो नम्रपणे नाकारला. समाजाने आपल्याला भरपूर दिले आहे आणि गेली चार वर्षे आपण कोणताच पुरस्कार घेत नाही, एवढेच त्यांनी सांगितले. एकाच शहराशी नाते असलेल्या दोन लेखकांनी एकाच हंगामात पुरस्कार नाकारले, आणि दोघांची कारणे सर्वस्वी निराळी होती. पहिला नकार हा जाहीर वादाचा भाग होता. दुसऱ्यात वाद असा नव्हताच.

नंदा खरे म्हणजे अनंत यशवंत खरे. जन्म १९४६, नागपूर. मुंबईच्या आयआयटीतून ते स्थापत्य अभियंता झाले आणि बांधकामाच्या व्यवसायात राहिले. दि. य. देशपांडे यांनी नागपुरातून सुरू केलेल्या ‘आजचा सुधारक’ या विवेकवादी मासिकाचे काही काळ ते संपादक होते. २२ जुलै २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. ‘अंताजीची बखर’ या कादंबरीत त्यांनी अठराव्या शतकातले मराठी राजकारण एका खट्याळ, स्वार्थ न लपवणाऱ्या निवेदकाच्या तोंडून सांगितले. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे पल्लेदार संवाद आणि तलवारींचा खणखणाट, या समजुतीला तिने चांगलाच धक्का दिला. भोसल्यांच्या वाड्यांच्या सावलीत वाढलेल्या वाचकाला तिच्यात आपल्याच पूर्वजांची थट्टा दिसते, आणि ती थट्टा दस्तऐवज वाचलेल्या माणसाची आहे हेही कळते.

‘उद्या’ तिच्या उलट्या दिशेने पाहते. येत्या काळात तंत्रज्ञान, पैसा आणि सत्ता एकत्र आल्यावर माणसावर पाळत कशी ठेवली जाईल, त्याची माहिती कोणाच्या मालकीची होईल, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांचे काय होईल, हा तिचा विषय. मराठीत भविष्याविषयीचे लेखन बहुतेक विज्ञानकथेच्या खात्यात टाकले जाते आणि तिथेच विसरले जाते. खऱ्यांनी यंत्रांच्या नवलापेक्षा व्यवस्थेच्या वागण्यावर भर दिला, म्हणून ही कादंबरी त्या खात्यात मावत नाही. तिचे बळ विचारात आहे. माहिती हाताळणाऱ्या, आकडे कळणाऱ्या लेखकाचा हात प्रत्येक प्रकरणात जाणवतो. उणीवही तिथेच. पात्रे पुष्कळदा लेखकाचे मुद्दे वाहून नेतात. त्यांचे स्वतःचे हट्ट आणि खोडी कमी दिसतात. अंताजी वाचकाच्या मनात घर करतो, ‘उद्या’तला कोणी तसा करत नाही. निव्वळ कादंबरी म्हणून पाहिले तर ‘अंताजीची बखर’ सरस आहे. पण आधार आणि मोबाइल यांच्या काळात ‘उद्या’ अधिक गरजेची होती, आणि परीक्षकांनी गरजेची बाजू घेतली असे म्हणता येते. हा निवाडा चुकीचा म्हणता येत नाही. तो कोणत्या मापाने केला, एवढेच वाचकाने ओळखायचे.

पुरस्कार नाकारण्याने पुस्तक मोठे होत नाही आणि काढून घेतल्याने लहान होत नाही. दुसऱ्या गोष्टीचा अनुभव महाराष्ट्राने २०२२ साली घेतला. कोबाड गांधींच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या आठवणींच्या पुस्तकाचा अनघा लेले यांनी केलेला अनुवाद ६ डिसेंबर रोजी राज्याच्या वाङ्मय पुरस्कारासाठी निवडला गेला आणि अवघ्या सहा दिवसांत, १२ डिसेंबरला, शासनाने तो पुरस्कार रद्द केला. निषेध म्हणून काही सदस्यांनी शासकीय मंडळांचे राजीनामे दिले, शरद बाविस्करांनी ‘भुरा’साठी जाहीर झालेला पुरस्कार नाकारला. त्या आठवड्यांत या अनुवादावर मत देणाऱ्यांची संख्या त्याच्या वाचकांहून किती तरी मोठी असावी. अनुवाद कसा उतरला आहे, मूळ इंग्रजीचा सूर मराठीत आला आहे का, हे प्रश्न पुरस्कार अनुवादाला असूनही जवळजवळ कोणी विचारले नाहीत.

चित्रपटाच्या बाबतीत मत लवकर होते, कारण तो दोन-अडीच तासांत संपतो. नागपूरशी जोडलेले तीन चित्रपट अलीकडच्या वर्षांत पुरस्कारांच्या चर्चेत आले. पहिला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला ओरिझोंती विभागातल्या सर्वोत्तम चित्रपटाचे आणि महोत्सवातल्या सर्वोत्तम पदार्पणाचे, अशी दोन पारितोषिके मिळाली; पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार नागपूरचे. ते आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक होते. १३ एप्रिल २०२१ रोजी नागपुरातच कोरोनाने त्यांचे निधन झाले. गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगाराला आपल्या गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केले, असा खटला कांबळेंवर चालतो. कॅमेरा एका जागी उभा राहतो आणि तारखा पडत जातात.

‘कोर्ट’ पाहून अनेकांनी ‘काही घडतच नाही’ अशी तक्रार केली. ती समजण्याजोगी आहे. पण जिल्हा न्यायालयात एकदा जाऊन बसलेल्या माणसाला ती पटणार नाही. वकील, सरकारी वकील आणि न्यायाधीश कचेरीबाहेर कसे जगतात हे दाखवण्यात ताम्हाणेंनी जो वेळ घालवला, त्यामुळे निकालामागची माणसे कळतात. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णींचा लोकल ते स्वयंपाकघर हा दिवस इतका ओळखीचा आहे की तिचा राग येत नाही, आणि चित्रपटाची खरी धास्ती तिथेच आहे. साथीदारांच्या चेहऱ्यावर अभिनयाची खटपट दिसत नाही. मंचावर गाताना आणि पिंजऱ्यात उभे असताना हा माणूस सारखाच ताठ वाटतो.

दुसरा चित्रपट नागराज मंजुळेंचा ‘झुंड’, ४ मार्च २०२२ रोजी आलेला, मंजुळेंचा पहिला हिंदी चित्रपट. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवले, त्या कामावर तो बेतलेला. चित्रीकरण नागपुरात झाले आणि बरीचशी मुले नागपूरच्याच वस्त्यांतली होती. त्यांपैकी अंकुश गेडाम याला पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला. चित्रपटाचा पूर्वार्ध, म्हणजे कॉलेजच्या मैदानावरच्या सामन्यापर्यंतचा भाग, मंजुळेंच्या उत्तम कामांत बसतो. मुले एकमेकांना ज्या नागपुरी हिंदीत चिडवतात, ती हिंदी तोवर मोठ्या पडद्यावर फारशी आलीच नव्हती. उत्तरार्धात पासपोर्ट, कागदपत्रे, प्रवास यांचे प्रसंग लांबतात आणि अमिताभ बच्चन यांचे न्यायालयातले भाषण प्रेक्षकाला आधीच कळलेले पुन्हा सांगते. तीन तासांतला अर्धा तास कमी झाला असता तर बरे झाले असते. तरी शहराने या चित्रपटावर आपला म्हणून जे प्रेम केले, त्याला आधार आहे: नागपूर म्हणजे संत्री आणि झिरो माइल, याच्या पुढे जाऊन त्याने शहरातली एक भिंत दाखवली.

तिसरा चित्रपट जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’. २०२३ साली टोरोंटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात तो ७ मार्च २०२५ रोजी प्रदर्शित झाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात तो घडतो, आणि कलावंत बहुतेक त्याच परिसरातले, कॅमेऱ्यासमोर नवे. कापूस पिकवणाऱ्या बापाची मुलगी सविता शिकते आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे, आणि तिला पाहायला एकामागून एक पाहुणे येतात. नाव काय, उंची किती, शिक्षण किती, शेतातली कामे येतात का? तेच प्रश्न, तोच पाट, तेच पोहे. सुरुवातीच्या स्वप्नदृश्यात मुली बसून मुलाला पाहतात आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो. नंतर तेच दृश्य उलट बाजूने पुन:पुन्हा आले की हशा विरत जातो. ही पुनरावृत्ती काहींना कंटाळवाणी वाटली. ती दिग्दर्शकाची पद्धतच आहे, आणि सविताला जे वर्षभर सोसावे लागते ते प्रेक्षकाला दीड-दोन तास सोसायला लावणे यात गैर काही नाही.

‘स्थळ’चे नागपुरात वेगळे वजन आहे ते भाषेमुळे. विदर्भाची बोली मराठी नाटक-सिनेमात बहुतेक वेळा हसवण्यापुरती येते. गावंढळ नोकर किंवा भोळा पाहुणा ती बोलतो. इथे बाप कापसाच्या भावाची काळजी त्याच बोलीत करतो आणि मुलगी परीक्षेची चिंता त्याच बोलीत करते. कोणी हसत नाही. टोरोंटोच्या परीक्षकांनी हा चित्रपट उपशीर्षकांवरून पाहिला, म्हणजे ही बाजू त्यांच्यापर्यंत पोचण्याचा संभव कमी. महालातल्या प्रेक्षकाला मात्र ती पहिल्या पाच मिनिटांत कळते. स्थानिक मताचे मोल असते ते अशा ठिकाणी. त्याच मताचा दोष असा, की ‘आपल्याकडचा’ म्हणून चित्रपटाला चार गुण आधीच दिले जातात. ‘झुंड’च्या उत्तरार्धाला ते गुण मिळाले, ‘स्थळ’ला त्यांची गरज नाही.

राष्ट्रीय पुरस्कारांच्या ऑगस्ट २०२५च्या यादीत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’. योगायोग असा, की तो ज्या पुस्तकावर बेतला त्याच पुस्तकावरच्या आचार्य अत्रे यांच्या १९५३च्या चित्रपटाला देशातले पहिलेच राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले होते. सत्तर वर्षांच्या अंतराने एकाच पुस्तकाने दोनदा पदक आणले. डहाकेंनी कृष्णधवल छायाचित्रण निवडले. कारागिरी नेटकी आहे, पण अत्र्यांच्या चित्रपटात वनमालाबाईंनी साकारलेल्या आईने प्रेक्षकाच्या गळ्यात जो आवंढा आणला तो इथे येत नाही. त्याच यादीतला बालचित्रपट ‘नाळ २’ आणि त्यात काम करणारी मुले यांना मिळालेले पुरस्कार अधिक पटणारे आहेत. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या पहिल्या ‘नाळ’मध्ये चैत्या झालेला श्रीनिवास पोकळे अमरावतीचा, आणि त्याच्यासाठी वैदर्भी प्रेक्षक दोन्ही भागांना गेला.

आपले मत कसे मांडावे याचे नमुने मराठीत आहेत, आणि नवल म्हणजे त्यांनाही साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले आहेत. २०१३ साली सतीश काळसेकरांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला तो मिळाला, पुस्तकांच्या सहवासात जगणाऱ्या एका माणसाच्या या नोंदी आहेत. २०१५ साली अरुण खोपकरांच्या ‘चलत्-चित्रव्यूह’ला मिळाला, ज्यात सिनेमा आणि कलावंत यांच्याविषयी एका दिग्दर्शकाने लिहिले आहे. नंदा खऱ्यांचेही ‘वाचताना पाहताना जगताना’ हे पुस्तक याच घरातले. तिघांच्या लेखनात एक गोष्ट समान आहे: आवडले किंवा नाही, एवढ्यावर कोणी थांबत नाही. कोणत्या पानावर, कोणत्या दृश्यात, का, हे सांगितले जाते. चार तारे किंवा अडीच तारे देणाऱ्या परीक्षणांत नेमके हेच गळते.

पुरस्कारांच्या यादीवर विसंबून वाचणाऱ्याचे नुकसान होत नाही. या यादीनेच नागपूरच्या आशा बगे यांची ‘भूमी’ २००६ साली विदर्भाबाहेरच्या पुष्कळ वाचकांसमोर आणली. २०२३ साली त्यांना जनस्थान पुरस्कारही मिळाला. घरातल्या स्त्रीचे मन संयमाने उकलणारी ही लेखिका गाजावाजा करणाऱ्यांतली नाही आणि पुरस्काराशिवाय ती दूरवर पोचायला आणखी उशीर लागला असता.

पण यादीत नसलेलेही पुष्कळ असते. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली आली. तिची नायिका कौतिक. नवरा महादेव काम टाळणारा, पुढे महारोगाने ग्रासलेला. मुलाबाळांना जगवण्यासाठी कौतिक जी झुंज देते, ती शेळक्यांनी वऱ्हाडी बोलीत, एकही अश्रू उसना न आणता लिहिली. त्याच १९६० साली साहित्य अकादमीचा मराठी पुरस्कार वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ला मिळाला. पुढच्या कोणत्याही वर्षीच्या यादीत ‘धग’चे नाव नाही. दोन्ही कादंबऱ्या आजही वाचल्या जातात, ‘ययाति’च्या आवृत्त्या तर मोजाव्या लागतात. शेजारी ठेवून वाचल्या तर पारडे कौतिकच्या बाजूने झुकते.